मांजर सारखं ओरडतंय, खिडकीत बसून राहतंय? या चुका टाळा

"अगं, दिवसभर खिडकीत बसते आणि ओरडते. तिला बाहेर जायचं असेल का?"

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नवीन मांजर आणलं की महिन्याभरात हा प्रश्न माझ्या दाराशी येतो. माझ्याकडे दोन मांजरं आहेत. मनी १४ वर्षांची, बंड्या ६ वर्षांचा. दोघांनी मिळून मला जे शिकवलं त्यातली पहिली गोष्ट या प्रश्नाबद्दलचीच आहे. खिडकीत बसणं आणि ओरडणं ही एकच तक्रार समजून आपण एकच इलाज करायला जातो, दार उघडतो नाहीतर वाटी भरतो. बहुतेक वेळा त्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कुठली कोणती हे कळायला एवढंच बघायचं, की ओरडताना मांजराचं तोंड कुणाकडे आहे?

तोंड तुमच्याकडे असेल तर ते म्याव तुमच्यासाठी आहे. मोठी मांजरं एकमेकांशी बोलताना सहसा म्याव करत नाहीत. त्यांचं आपापसातलं बोलणं वासातून, शेपटीतून, कानांतून, अंग घासण्यातून चालतं. भांडताना आणि माजावर आल्यावर ती ओरडतात, पण तो आवाज वेगळा. म्याव ही मुळात पिल्लाची आईला हाक. पिल्लं मोठी झाली की ती हाक आपापसात जवळजवळ थांबते आणि माणसाच्या घरात मात्र जन्मभर टिकते, कारण आपण वास घेऊन काही समजत नाही, शेपटीकडे बघत नाही, पण आवाजाला लगेच उठतो. म्हणूनच प्रत्येक घरातलं म्याव वेगळं घडतं. मनीचं पाणी मागायचं म्याव आखूड आणि तोंड जेमतेम उघडून केलेलं असतं. बंद दारापुढचं लांब असतं आणि शेवटी वर चढतं. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं, तिच्याबरोबर राहूनच कळलं.

तोंड काचेकडे असेल तर ते तुमच्याशी बोलणं नव्हे. सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, एसीच्या युनिटवर कबुतर येऊन बसतं. मनी ओट्यावरून कठड्यावर चढते, पुढचे पाय पोटाखाली घेते, मिशा पुढे येतात, खालचा जबडा थरथरायला लागतो आणि 'कट-कट-कट-कट' असा कोरडा आवाज येतो. शेपटीचं फक्त टोक हलत असतं. शिकार दिसतेय पण हाताला लागत नाही, अशा वेळचा हा आवाज. यात भूक नाही, दुखणं नाही, आणि बाहेर सोडण्याची विनंतीही नाही.

खिडकी तिला इतकी का खेचते हे समजून घेण्यासारखं आहे. बारीक तपशील मांजराला आपल्यापेक्षा पुसट दिसतात, पण हालचाल चटकन टिपता येते, आणि आपल्याला लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याच्या उजेडात त्याचं काम भागतं. आपले कान २० हजार हर्ट्झच्या वर काही ऐकत नाहीत, मांजराचे ६० हजारांच्याही पुढे जातात. उंदराची चिवचिव याच पट्टीत असते. त्यामुळे मांजर रिकाम्या भिंतीकडे किंवा काळोख्या खिडकीकडे टक लावून बसलं की "तिला काहीतरी दिसतं" म्हणून घाबरायचं कारण नाही. डक्टमध्ये उंदीर असतो, काचेच्या बाहेर पाल असते, आपल्यापर्यंत ते पोचत नाही एवढंच. पहाट आणि तिन्हीसांजा या त्याच्या शिकारीच्या मूळ वेळा, आणि पक्षीही नेमके तेव्हाच कलकलाट करतात.

म्हणून खिडकीतल्या मांजराची कीव करून त्याला बाहेर सोडू नका. घरात वाढलेलं मांजर जिन्यात पोचलं की पहिल्या भुंकण्याला बिथरतं आणि गाडीखाली नाहीतर पाण्याच्या टाकीमागे शिरतं. पडदे लावून त्याची खिडकी बंद करणं ही त्याच्या उलट चूक. बसायला रुंद कठडा किंवा खिडकीला लावलेलं स्टूल आणि त्यावर एक जुनी चादर, इतकं दिलंत तरी त्याचा दिवस भरतो.

पण खिडकी आधी पक्की करा, आणि इथे मला जरा थांबून सांगायचंय. "मांजर पडलं तरी चार पायांवर पडतं, त्याला काही होत नाही" हे वाक्य मी फार ऐकलंय. न्यूयॉर्कमधल्या प्राण्यांच्या एका दवाखान्यात उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. हा आकडा लोक आनंदाने सांगतात, पण ही मोजणी दवाखान्यात पोचलेल्या मांजरांची होती. जी खालीच गेली, ती तिथे कुणी नेलीच नव्हती. आणि वाचलेल्यांनाही छातीला मार, फुटलेला जबडा, चिरलेली टाळू, मोडलेले पाय हे सगळं होतंच.

आमच्या शेजारच्या विंगमधली एक पांढरी मांजर पाचव्या मजल्यावरून पडली ती सरकत्या खिडकीच्या मच्छरजाळीतून. जाळी फाटली नव्हती. कबुतरावर झेप घेताना तिचं वजन पडलं आणि अख्खी फ्रेम रुळातून निसटून तिच्यासकट खाली गेली. मच्छरजाळी डासांसाठी असते. ती मांजराला अडवायला केलेली नसते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी काही मांजरं दातांनी कुरतडतात. स्क्रूने बसवलेली स्टीलची जाळी सगळ्यात भरवशाची. ग्रिल आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. ज्या फटीतून मांजराचं डोकं जातं तिथून बहुधा अख्खं मांजर जातं. जाळी बसवून झाली की कारागीर निघायच्या आत तळहाताने चारी कोपऱ्यांवर जोर देऊन बघा, आणि पावसाळ्यानंतर गंजलेले स्क्रू बदला.

आता तुमच्याकडे तोंड करून केलेल्या म्यावकडे येते. इथली सगळ्यात मोठी चूक माझ्याही हातून झाली. मनी दोन वर्षांची असताना पहाटे पाचला उशाशी येऊन ओरडायची. दोन-तीन दिवस मी उठून वाटीत दाणे टाकले, म्हटलं भूक लागली असेल. आठवड्यात पाचचे साडेचार झाले. मग मी ठरवलं की आता लक्षच द्यायचं नाही. तिने तासभर ओरडून पाहिलं, मी तासाभराने उठले आणि दाणे टाकले. त्या दिवशी मी तिला एकच गोष्ट शिकवली, की तासभर ओरडावं लागतं.

म्याव झालं की खाणं, ही सांगड मांजर फार लवकर बांधतं. त्यात त्याची घुरघुरसुद्धा आपल्याला वितळवणारी असते. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅकॉम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की खायला मागणाऱ्या मांजरांच्या घुरघुरीत एक उंच, रडका सूर मिसळलेला असतो, तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीजवळचा. कधी मांजर न पाळलेल्या लोकांनाही ती घुरघुर जास्त निकडीची वाटली. तेव्हा तुम्ही उठता यात तुमचा मऊपणा नाही, तो सूर असतोच तसा.

सोडवायचं असेल तर सुरुवात रात्री करावी लागते. झोपायच्या आधी १०-१५ मिनिटं दोरीला बांधलेलं पीस किंवा चिंधी घेऊन त्याला खरंच दमेपर्यंत पळवा, शेवटी ते पीस त्याच्या पंजात येऊ द्या आणि लगेच रात्रीचं खाणं द्या. शिकार, मग खाणं, मग अंग चाटणं, मग झोप हा मांजराचा स्वतःचा क्रम आहे, आपण फक्त त्याला आपल्या वेळेवर आणतो. नुसता लेझरचा ठिपका पळवू नका, त्यात हाती काही लागत नाही आणि मांजर आणखी चिडचिडं होतं. सकाळी उठल्याउठल्या वाटीला हात लावू नका. दात घासा, चहा टाका, मग खाणं द्या, म्हणजे तुमच्या उठण्याचा आणि वाटीचा संबंध सुटतो. पहिले काही दिवस ओरडणं वाढेल. हा वाढलेला आवाज नियम लागू पडत असल्याची खूण आहे, आणि बहुतेक घरं नेमकी तिथेच हार मानतात. घरात सगळ्यांनी एकच नियम पाळायचा. सुनेने वाटी रोखून धरायची आणि आजींनी पदराआडून दुधात बुडवलेलं बिस्किट द्यायचं, असं झालं तर मांजर आजींच्या खोलीबाहेर बसून ओरडेल, थांबणार नाही. दुधाबद्दल म्हणाल तर बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. पाणी द्या, ताजं, खाण्याच्या वाटीपासून जरा लांब.

ओरडलं म्हणून पाणी उडवणं, रागावणं, बाथरूममध्ये कोंडणं यातलं काहीही करू नका. मांजराला त्यातून एवढंच कळतं की हे माणूस धोक्याचं आहे.

रात्री-बेरात्री येणारा लांब, बाळ रडल्यासारखा आवाज ऐकून आपल्याकडे लोक अपशकुन मानतात आणि मांजराला हाकलतात. बहुधा ती माजावर आलेली मादी असते. पाच-सहा महिन्यांची पोरगीच, कधी त्याहून लहान. जमिनीवर लोळते, मागचा भाग उंचावते, खिडकीशी जाऊन बोक्यांना साद घालते. गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. डॉक्टरांना विचारून वेळेत ऑपरेशन करून घेणं हाच त्यावर खरा उपाय.

खिडकीतल्या मांजराला कधी उचलू नये हेही सांगते. समोरच्या भिंतीवर परका बोका येऊन बसला की बंड्याची शेपटी बाटली घासायच्या ब्रशसारखी फुगते, कान मागे चपटे होतात, घशातून खालच्या पट्टीत गुरगुर येते. अशा वेळी मी एकदा त्याला शांत करायला पाठीवर हात ठेवला. पुढच्या क्षणी माझ्या मनगटात चार दात होते. नंतर तो मनीवर धावून गेला आणि दोघांचं तीन आठवडे पटलं नाही. बाहेरच्या बोक्यापर्यंत पोचता येत नाही, तेव्हा तो राग जवळ असेल त्याच्यावर निघतो. हात लावायचा नाही. लांबूनच पुठ्ठा किंवा उशी मध्ये धरून काच झाकायची, खोलीत अंधार करायचा आणि त्याला एकटं सोडायचं, दोन-चार तास लागले तरी. तोच बोका रोज येत असेल तर काचेच्या खालच्या भागाला धुरकट फिल्म लावा. खिडकीच्या भिंतीवर किंवा पडद्यावर लघवीचे फवारे दिसायला लागले तर कारण बहुधा तेच. आणि मांजर चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. रेबीज फक्त कुत्र्याचा नसतो.

आता जी चूक जीवावर बेतते ती. गेल्या वर्षी बंड्या एका संध्याकाळी लिटर ट्रेमध्ये, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी ठेवलेल्या ट्रेमध्ये, जाऊन बसला, काही न होता बाहेर आला, परत गेला. मधेच एक खोल, ओढलेलं म्याव. मला वाटलं लिटर घाण आहे, मी ते बदललं. तासाभराने पुन्हा बदललं. मग वाटलं बद्धकोष्ठ असेल. नऊच्या सुमाराला तो ट्रेबाहेर फरशीवर बसून जोर करताना दिसला आणि खाली दोन थेंब, गुलाबीसर. त्याची लघवी तुंबली होती. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, स्फटिक किंवा चिकट गाळ अडकला की वाट बंद होते, विष रक्तात चढतं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्री उघडा दवाखाना शोधून गेलो, नळी घातली, तीन दिवस ठेवावं लागलं, बंड्या वाचला. ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाणारा, तिथे ओरडणारा, सारखा खालची जागा चाटणारा बोका दिसला तर सकाळची वाट बघू नका. आणि दुखतंय म्हणून घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते.

म्हातारं मांजर अचानक रात्री ओरडायला लागलं तरीही "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड वाढणं, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार, कमी होणारी नजर आणि ऐकू येणं, यातलं काहीही असू शकतं, आणि रक्ताच्या तपासणीत आणि दाब मोजल्यावर बरंच कळतं. मनी गेल्या दिवाळीनंतर रात्री दोनला पॅसेजमध्ये उभी राहून ओरडायला लागली. तोंड ना माझ्याकडे, ना खिडकीकडे, नुसतं अंधारात. तिचा रक्तदाब वाढलेला निघाला. आता रोज सकाळी खाण्यात चुरून अर्धी गोळी, पॅसेजमध्ये रात्रभर झिरोचा दिवा, आणि लिटर ट्रे तिच्या झोपायच्या जागेपासून दहा पावलांवर आणून ठेवलाय. तरी कधी मधेच हाक येते. मी अंथरुणातूनच "मने, इकडे आहे मी" म्हणते, आणि नखांचा टकटक आवाज फरशीवरून माझ्या खोलीकडे यायला लागतो.