मांजरी म्हणजे लहान म्हैस नव्हे: मांजरी व्यायला आली की या चुका टाळा

आमच्या बेळगावात वडगाव-शहापूरच्या बाजूला निम्म्या घरांचा गोठ्याशी कधी ना कधी संबंध आलेला असतो. त्यामुळं मांजरी गाभण आहे म्हटलं की प्रत्येकाला म्हशीचं बाळंतपण आठवतं. औषध तेच, घाई तीच, वर सल्ला द्यायला शेजारी आहेतच. गल्लीत मांजरी अडली की लोक मला हाक मारतात, आणि दरवेळी त्याच त्या चुका बघायच्या म्हणजे आता वैताग येतो.

आधी दिवसांचं. मांजरीचे दिवस साधारण 63 ते 67. बोका कधी येऊन गेला याची नोंद कुणी कॅलेंडरवर ठेवत नाही, म्हणून सडांकडं लक्ष ठेवा. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सड गुलाबी आणि ठसठशीत होतात, तिथून पुढं मोजा. पोट चेपून पिल्लं मोजायला जाऊ नका. आकडा हवाच असेल तर शेवटच्या आठवड्यात एक्स-रे काढा. त्यात खर्च आहे, पण रात्री दोन वाजता "आत अजून आहे का नाही" हा प्रश्न पडत नाही.

मध्येच थांबली म्हणून टोचणं

ही चूक पहिली, कारण हिच्यात जीव जातो. मांजरी एक पिल्लू देते, त्याला चाटूनपुसून घेते आणि निवांत पडून राहते. पुढचं पिल्लू दहा मिनिटांत येईल, तासानं येईल, कधी दोन-तीन तासही जातील. ती घुरघुरत पाजत पडली असेल तर काही बिघडलेलं नाही. दम बघणाऱ्याला नसतो.

एका पावसाळ्यात रात्री गल्लीतल्या पोराचा फोन आला. "आक्का, एक पिल्लू झालंय, दुसरं येईना झालंय. तास झाला." कळा देते का, विचारलं. "नाही, पडलीया निवांत." मग पडू दे, जोर काढायला लागली तर कळव, म्हटलं. पोराला कुठला धीर. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून काही गवळी ऑक्सिटोसिन टोचतात, ते त्यानं ओळखीनं आणलं आणि अंदाजानं टोचून मोकळा झाला. आत पुढचं पिल्लू आडवं अडकलेलं. वाट बंद आणि औषधानं मागून गर्भपिशवी आवळतेय.

मी पोचले तेव्हा मांजरी ओरडत भिंतीला अंग घासत होती. शेपटीखाली काळपट हिरवं पाणी येत होतं, पिल्लाचा पत्ता नाही. भर पावसात रिक्षा काढली, दवाखान्याचं शटर वाजवून डॉक्टरांना उठवलं. पोट उघडलं तर पिशवी फाटलेली. आतली पिल्लं गेली, पिशवी काढून टाकली तेव्हा मांजरी वाचली. आणि पोरगं बाहेरच्या बाकावर बसून मला विचारतंय, "म्हशीला चालतंय की, मांजराला का चालत नाही?" म्हशीलाही चालत नाही रे बाबा. तब्येतीला अपाय होईल असं काही दुधासाठी टोचणं 1960 च्या प्राणी-क्रूरता कायद्यात गुन्हा आहे. मांजरीला हे औषध देतात, नाही असं नाही, पण वाट मोकळी आहे हे तपासून, डॉक्टरांच्या हातून आणि अगदी थोडं.

माझी सवय अशी: हात मांडीवर, नजर घड्याळावर, आणि प्रत्येक पिल्लाची वेळ जुन्या पाटीवर खडूनं. जोरकस कळा सलग 20 ते 30 मिनिटं येऊन काहीच बाहेर आलं नाही, तर दवाखाना. हिरवं पाणी आलं आणि मागून पिल्लू नाही, तर दवाखाना. लाल रक्त थांबेना, तरी तेच. आधी पाय किंवा शेपटी दिसली म्हणून मात्र आरडाओरडा नको, मांजरांत ते नेहमीचं आहे. अर्धं बाहेर येऊन अडकलंच, तर ओल्या स्वच्छ फडक्यात धरून कळेबरोबर खालच्या दिशेनं अलगद आधार द्या. कळ नसताना ओढायचं नाही. आणि रात्री कोण डॉक्टर उठतात हे आधीच विचारून ठेवा. खानापूरच्या आतल्या गावांत पावसात गाडी मिळेपर्यंत उजाडतं.

गारठलेल्या पिल्लाला दूध

पिल्लू मलूल दिसलं की घरातलं कुणीतरी ड्रॉपर आणि म्हशीचं दूध घेऊन धावतं. आधी त्याच्या तोंडात करंगळीचं टोक घालून बघा. आतून गार लागलं तर दूध बंद. गारठलेल्या पोटात दूध जिरत नाही, ते तसंच पडून राहतं आणि पिल्लू जातं. आधी ऊब द्या: गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला, म्हणजे नको असेल तर त्याला सरकता येतं. पहिल्या आठवड्यात खोक्यात 30 अंशांच्या आसपास ऊब लागते. श्रावणात आमच्या घरांत तेवढी कुठून येणार? हल्ली लोक वर एलईडी बल्ब टांगतात. उजेड झकास पडतो, ऊब शून्य.

ऊब आल्यावर पहिल्यांदा आईच्या सडाला लावा. पहिल्या दिवसाचा चीक त्याच्यासाठीच असतो, तो खरवसासारखा वाटून खायचा नसतो. आईला दूध नसेल तर मांजराच्या पिल्लांची दूध पावडर आणा. गाई-म्हशीच्या दुधानं हगवण लागते. पाजताना पालथं धरा, माणसाच्या बाळासारखं उताणं धरलंत तर दूध फुप्फुसात जातं. आणि रोज वजन करा. जन्मताना साधारण 100 ग्रॅम, पुढं रोज दहाएक ग्रॅमची वाढ. किराणा मोजायचा काटा चालतो. "बघून कळतंय की" म्हणणाऱ्यांना कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

बाकीच्या, थोडक्यात

दूध-भाकरीवर गाभण मांजरी काढू नका. तिला मांसातून मिळणारं टॉरिन लागतं, ते कमी पडलं तर पिल्लं आतच जिरतात किंवा मेलेली होतात. पिल्लांचं पॅकेटमधलं खाणं आईला चालतं, उलट तेच द्या. लसूण-कांद्याचा रस्सा नको, दोन्ही तिला विष.

म्हशीचं कॅल्शियम गाभणपणात पाजू नका. शरीराची स्वतःची कॅल्शियम पुरवायची व्यवस्था सुस्तावते आणि व्याल्यावर झटके येतात.

खोक्याजवळ फिनाईल, डेटॉल नको. पंजे चाटताना पोटात जातं. निपाणीकडच्यांनो, तंबाखूचं गोणपाट अंथरू नका. जुनी धुतलेली वाकळ फाडून घाला.

वार ओढू नका. प्रत्येक पिल्लामागं एक पडते, मांजरी खाते, खाऊ दे. नाळ तिनं तोडली नाही तरच पोटापासून इंचभर सोडून दोऱ्यानं बांधा आणि दोऱ्याच्या पलीकडं कापा.

"हात लावला की मांजरी पिल्लं खाते" हे खरं नाही, पण गल्लीतली सगळी पोरं बघायला आणलीत तर ती सात घरं फिरवणारच.

पिल्लं पीत असतानाच मांजरी पुन्हा माजावर येते. आठ आठवड्यांनी पिल्लं सुटली की ऑपरेशनची तारीख घ्या, तोवर माळ्याची खिडकी लावून ठेवा.