रविवारच्या उपासनेला ऑर्गन वाजवायचाय? मग हे वाचून बसा

चर्चमध्ये नव्याने वाजवायला बसणाऱ्या पोरांना मी पहिलं हेच सांगते की बाबांनो, तिथे आपला कार्यक्रम नाहीये. समोर मंडळी उभी असते, त्यातल्या निम्म्यांना सूर सापडत नाही, मागच्या बाकावरचे आजोबा कायम अर्धी ओळ मागे, आणि ह्या सगळ्यांना एकत्र गायला लावायचं एवढंच आपलं काम. बोटं कशी ठेवायची, स्टॉप, म्हणजे आवाजाचा प्रकार निवडायच्या खुंट्या, कुठले ओढायचे, स्केल, म्हणजे गाण्याची उंची, कुठलं घ्यायचं, सगळं त्यासाठीच.

वाद्य काय मिळेल ते आपल्या हातात नसतं. पाइप ऑर्गन मुंबईतल्या होली नेम कॅथेड्रलसारख्या मोजक्या जुन्या चर्चमध्ये, बाकी मराठी मंडळ्यांत मिशनच्या काळातली पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायची पेटी, नाहीतर कीबोर्ड. पायपेटी मिळाली तर नाक मुरडू नका, लाइट गेली तरी ती वाजते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. भाता मात्र सावकाश, एक पाय खाली जातोय तोवर दुसरा वर, आणि गाण्याच्या तालावर अजिबात मारायचा नाही, नाहीतर प्रत्येक ठोक्याला आवाज हिसका देतो. स्टॉपवर 8 लिहिलंय म्हणजे जी पट्टी दाबली तोच सूर, 4 म्हणजे वरच्या सप्तकातला, 16 म्हणजे खालच्या. हे आकडे फुटांचे आहेत, पाइप ऑर्गनमध्ये सगळ्यात खालच्या सा-ची उघडी नळी साधारण 8 फुटी असते म्हणून, आणि पायपेटीत नळ्याच नसल्या तरी आकडे तेच ठेवलेत. साध्या रविवारी 8 चे दोन स्टॉप पुरतात, 4 चा शेवटच्या कडव्याला ओढा.

पियानो किंवा कीबोर्ड शिकून आलेल्यांना इथे त्रास होतो कारण ऑर्गनची पट्टी जोरात दाबली काय नि हळू दाबली काय, आवाज तेवढाच, आणि बोट उचललं की सूर तिथेच तुटतो, मागे काही रेंगाळत नाही. म्हणून दाबलेल्या पट्टीवरच बोट बदलायची सवय लावा, म्हणजे तिसऱ्या बोटाने सूर धरलाय, तो न सोडता तिथेच पहिलं बोट आणायचं आणि बाकीची बोटं पुढच्या सुरांसाठी मोकळी करायची. घरी टेबलावरसुद्धा करता येतं हे. चालीत एकच सूर लागोपाठ दोनदा आला तर वरचा सूर उचलून परत वाजवा पण मधले सारखे राहणारे सूर धरून ठेवा, शब्दही कळतात आणि आवाजात भोकंही पडत नाहीत.

आता खरी गोष्ट, श्वास. वाजवताना शब्द स्वतः तोंडातल्या तोंडात म्हणा. जिथे तुम्हाला श्वास घ्यावासा वाटतो तिथे मंडळीलाही वाटतो, तिथे हात उचला, अगदी किंचित. दोन कडव्यांच्या मध्ये जेवढा वेळ पहिल्यांदा थांबलात तेवढाच प्रत्येक वेळी थांबा, कारण लोक तुमच्याकडे बघत नसतात, ते त्या थांबण्याच्या लांबीवरून पुढचं कडवं उचलतात. कधी दोन मात्रा, कधी चार असं केलंत की अर्धे आधी घुसतात, अर्धे नंतर. सुरुवातीला वाजवायची ओळही ज्या लयीत गायचंय त्याच लयीत हवी. पुष्कळजण ती भावपूर्ण म्हणून संथ वाजवतात आणि मग मंडळी गायला लागली की धावतात, हा काय प्रकार आहे मला अजून कळलेला नाही.

आणि मोठ्या चर्चमध्ये मंडळीचा आवाज ऐकून वाजवू नका. तो तुमच्यापर्यंत उशिरा येतो, तुम्ही त्याच्यासाठी थांबता, ते तुमच्यासाठी थांबतात, तिसऱ्या कडव्यापर्यंत गीत पार झोपतं. तुम्ही पुढे चालत राहा, लोक येतात मागून. चुकीची पट्टी लागली तरी थांबायचं नाही, परत मागे जाऊन दुरुस्त तर मुळीच करायचं नाही.

स्केलचं म्हणाल तर इंग्रजी पुस्तकात छापलंय म्हणून तेच धरू नका. सकाळी आठच्या उपासनेला वरचा ई कोणाच्या गळ्यातून निघणार आहे, पुरुष गप्प होतात आणि बायका किंचाळतात. एक-दोन पट्ट्या खाली घ्या. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळं स्केल वर-खाली सरकवायचं, बटण वापरत असाल तर प्रत्येक गीतानंतर ते शून्यावर आणलंय का बघा, आणि ती ऑटो रिदम, कृपा करून, बंद ठेवा. प्रभुभोजनाला मागे डिस्को बीट चालू झालेला कोणालाच नकोय.

इंग्रजी चालीवर बसवलेल्या मराठी गीतांत अजून एक भानगड असते. चाल लांब सूर मागते तिथे शब्दात ऱ्हस्व अक्षर येतं आणि ‘प्रभु’चा ‘प्र’ उगाच ताणला जातो. तिथे तो सूर थोडा आखडता घ्या, मंडळी आपोआप नीट म्हणते.

आपली देशी गीतं मात्र वेगळीच. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आणि त्या वळणाची अभंग, भजनं. तिथे प्रत्येक सुराला चार सुरांची कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले सूर, लावली की भजनाचा पार बँडबाजा होतो. डाव्या हाताने सा-प धरा, उजव्याने नुसती चाल, तबला नि झांजेला जागा द्या. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आपल्या वाद्यावर येत नाही, ती गाणाऱ्याची, तिच्यामागे बोटं पळवायची नाहीत. जुन्या बायकांना चालींच्या बारीक जागा पाठ असतात, उपासनेनंतर एखाद्या मावशींजवळ बसून त्या ऐकून घ्या, नोटेशनमध्ये त्या नसतात.

लग्नाला नवरी उशिरा येते हे धरूनच चला. कुठल्याही ओळीवर गुंडाळता येईल असं काहीतरी हाताशी ठेवा आणि दारात एकाला उभं करा, तो हात दाखवेल तेव्हा लग्नाच्या मार्चची धून सुरू. अंत्यविधीला 4 चे स्टॉप बंद, लय संथ पण रेंगाळलेली नको, रडणाऱ्या माणसाचा श्वास आधीच तोकडा असतो, ओळी लांबवल्या की त्याला गाताच येत नाही.

पावसाळ्यात पायपेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. तेल-बिल घालू नका, झाकण उघडून कोरडी हवा लागू द्या. एखादा सूर मुकाच झाला तर बहुतेक वेळा आतल्या, सूर देणाऱ्या धातूच्या पत्तीत धुळीचा कण असतो, जाणकाराकडून काढून मऊ ब्रशने साफ होतो. उंदीर भात्याचं कातडं कुरतडतात, तेव्हा नाताळानंतर केकचे तुकडे वाद्याजवळ राहिलेत का तेही बघा.

पाळकसाहेबांकडून गीतांचे नंबर शनिवारी संध्याकाळपर्यंत घ्याच, आणि किती कडवी गायची तेही तेव्हाच विचारा. ऐनवेळी वेदीवरून ‘तिसरं कडवं सोडू’ असं येतंच, म्हणून पुस्तकात प्रत्येक कडव्यापुढे पेन्सिलने आकडा घालून ठेवा.