हायब्रिड प्रोजेक्टमध्ये टीम कशी चालवायची: गेट आणि स्प्रिंटचा सांधा

प्रोजेक्टचा अर्धा भाग गँट चार्टवर (तारखांनुसार आखलेल्या कामांच्या तक्त्यावर) आणि अर्धा स्प्रिंटमध्ये (ठरावीक छोट्या मुदतीच्या कामाच्या फेऱ्यांत), अशी हायब्रिड रचना आता सर्रास दिसते. समजा वीज मोजणारं एक उपकरण तयार होतंय. सर्किट बोर्ड, बाहेरचं प्लास्टिकचं कव्हर, प्रमाणपत्रासाठीच्या चाचण्या यांच्या तारखा ठरलेल्या आहेत. फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) आणि मोबाइल अ‍ॅप मात्र दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये पुढे सरकतंय. अशा ठिकाणी टीमचा उत्साह ओसरतो तो कामाच्या ओझ्यापेक्षा वेगळ्याच कारणाने. "तुमचं तुम्ही ठरवा" असं सांगायचं आणि पुढच्याच आठवड्यात वरून ठरून आलेली तारीख हातात ठेवायची, असं दोनदा झालं की लोक ठरवणंच सोडून देतात. मग ते फक्त दिलेलं काम करतात. म्हणून टीमचं कुठे चालतं आणि कुठे चालत नाही, हे उघडपणे आणि लेखी मांडणं हे लीडचं पहिलं काम.

कोणता भाग गेटचा, कोणता स्प्रिंटचा

कसोटी एकच लावा: निर्णय फिरवायला काय किंमत पडते? अ‍ॅपमधला एखादा स्क्रीन बदलायला दोन-तीन दिवस लागतील. कव्हरचा साचा बनवायला दिल्यानंतर बटणाची जागा बदलायची म्हटलं, तर साच्याचं काम पुन्हा, पैसे पुन्हा आणि कित्येक आठवडे वाया. पहिला निर्णय स्प्रिंटमध्ये राहू द्या, दुसऱ्यासाठी गेट ठेवा, म्हणजे ठरलेल्या तारखेला सही करून निर्णय लॉक करायचा टप्पा.

प्रत्येक ठरलेल्या तारखेला "का?" विचारा. कायदा किंवा प्रमाणपत्र, मालाची ऑर्डर, दुसऱ्या टीमचं किंवा व्हेंडरचं अडकलेलं काम, ही खरी कारणं. "त्या दिवशी वरिष्ठांना दाखवायचंय" एवढंच कारण असेल तर तो रिव्ह्यू आहे, गेट नाही; त्यासाठी स्कोप (कामाची व्याप्ती) गोठवू नका. खोट्या गेटमुळे खऱ्या गेटचं वजन जातं.

गेटची यादी करताना नुसती नावं आणि तारखा लिहून भागत नाही. एक ओळ साधारण अशी हवी:

"कव्हरचा साचा. लॉक होणार: डिस्प्लेचा आकार, बटणांची संख्या, एलईडीची जागा. तारीख: १४व्या आठवड्याचा शुक्रवार. सही: हार्डवेअर लीड आणि प्रॉडक्ट ओनर (कामांचा क्रम ठरवणारी व्यक्ती). त्याआधी हवं असलेलं उत्तर: वाय-फाय जोडताना वापरणाऱ्याला बटण दाबावं लागणार का?"

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण त्याचं उत्तर अ‍ॅप टीमकडे आहे आणि गेट हार्डवेअरच्या चार्टवर आहे. असा प्रत्येक प्रश्न गेटच्या किमान दोन स्प्रिंट आधी बॅकलॉगमध्ये (बाकी कामांच्या यादीत) स्टोरी (एक छोटं, वेगळं संपवता येणारं काम) म्हणून टाका. एका स्प्रिंटमध्ये उत्तर शोधायचं आणि उत्तर नको तसं आलं तर सुधारायला दुसरा स्प्रिंट हाताशी ठेवायचा. फक्त चार्टवर राहिलेला प्रश्न अ‍ॅप टीमला गेटच्या आठवड्यातच कळतो.

स्प्रिंटचं कॅलेंडर गेटपासून उलटं मोजत आखा. गेट स्प्रिंटच्या मधोमध आलं की सहीसाठी दाखवायला पूर्ण झालेलं असं काहीच नसतं आणि त्या स्प्रिंटचं ध्येयही बाजूला पडतं. गेट शुक्रवारी असेल तर स्प्रिंट गुरुवारी सुरू करून बुधवारी संपवा. बुधवारच्या रिव्ह्यूत चाललेलं काम हाच सहीचा पुरावा होतो आणि किरकोळ दुरुस्तीला दोन दिवस मिळतात.

निर्णयांचं एक पान

एका पानावर तीन याद्या करा आणि त्या टीमसोबत बसूनच भरा. पहिलीत टीम स्वतः ठरवते त्या गोष्टी: काम कसं करायचं, कोणी काय घ्यायचं, चाचण्या कशा लिहायच्या, एस्टिमेट किती. दुसरीत टीम सुचवते पण ठरवतो दुसरा कोणी: स्टोऱ्यांचा क्रम, नवी लायब्ररी किंवा टूल, व्हेंडरची निवड. इथे ठरवणाऱ्याचं नाव आणि उत्तराची मुदत दोन्ही लिहा, उदाहरणार्थ "प्रॉडक्ट ओनर, दोन कामाचे दिवस". मुदत नसेल तर सूचना नुसत्या पडून राहतात आणि पुढच्या वेळी कोणी सुचवत नाही. तिसरीत बाहेरून ठरून येणाऱ्या गोष्टी: गेटच्या तारखा, बजेट, सुरक्षेचे नियम. प्रत्येकीपुढे कारण लिहा. कारण पटलेली अट लोक सहज पाळतात. कारणच कळलं नाही की तिच्यावर प्रत्येक मीटिंगमध्ये वाद होतो.

सोबत एक उंबरठाही ठरवा: गेटच्या तारखेला धक्का लागत नसेल आणि काम दोन दिवसांच्या आतलं असेल, तर न विचारता पुढे जा आणि बोर्डवर (टीमच्या कामांची कार्डं लावलेल्या फळ्यावर) नोंद करा. आकडा दोनच हवा असं नाही, पण आकडा हवा. "छोटे निर्णय तुम्ही घ्या" या वाक्यातलं "छोटे" प्रत्येकाला वेगळं दिसतं.

प्रोजेक्ट मॅनेजर आणि प्रॉडक्ट ओनर दोघंही असतील तर कामं आधीच वाटून घ्या. काय आधी आणि काय नंतर, हे प्रॉडक्ट ओनरने सांगायचं. गेट, करार, व्हेंडर आणि पैसा प्रोजेक्ट मॅनेजरकडे. क्लायंटला तारीख सांगणारी व्यक्ती एकच. दोघांनी दोन तारखा सांगितल्या की भुर्दंड टीमला पडतो.

माणसं

२०२०च्या स्क्रम गाइडमध्ये (स्प्रिंटने काम करण्याच्या स्क्रम पद्धतीच्या मार्गदर्शिकेत) टीम दहा किंवा त्याहून कमी जणांची असावी असं म्हटलंय. त्यामागचं गणित साधं आहे. सहा जणांत आपापसातल्या जोड्या १५ होतात, दहा जणांत ४५ आणि चौदा जणांत ९१. चौदा जणांची टीम असेल तर तिचे दोन भाग करा. पण "फर्मवेअर" आणि "अ‍ॅप" असे करू नका, नाहीतर प्रत्येक स्टोरी दोन्हीकडे अडकेल. "वाचन आणि बिल", "जोडणी आणि सूचना" असे वापरणाऱ्याच्या कामाप्रमाणे भाग पाडले तर एक भाग एक पूर्ण गोष्ट हातावेगळी करू शकतो.

हायब्रिडमधला खरा त्रास अर्धवेळ माणसांचा. हार्डवेअर इंजिनिअर "५० टक्के तुमचा" असं कागदावर असतं, प्रत्यक्षात तो त्याच्या विभागाच्या तातडीच्या कामात बुडालेला असतो. टक्के घेऊ नका, वार घ्या: "मंगळवार आणि गुरुवार पूर्ण, शुक्रवार सकाळ." त्याच्या लाइन मॅनेजरकडून हे लेखी घ्या आणि त्याची गरज असलेल्या चर्चा त्याच दिवशी ठेवा. बाकीच्या दिवशी त्याला डेलीला (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला) ओढू नका.

डेली: बोर्डपुढे, मॅनेजरपुढे नाही

डेलीला १५ मिनिटं. ती रिपोर्टिंग झाली आहे का हे ओळखायला दोन मिनिटं पुरतात: बोलणारा कोणाकडे बघतोय? मॅनेजरकडे बघत "काल हे केलं, आज ते करणार, अडचण नाही" असं सगळे म्हणत असतील, तर ती हजेरी आहे. ते तीन ठरावीक प्रश्न २०२०च्या गाइडमधून काढून टाकलेत, तरी सवयीने अजून चालतात.

त्याऐवजी बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा. पूर्ण व्हायच्या सर्वांत जवळ असलेल्या कार्डापासून सुरुवात करा आणि प्रत्येक कार्डाला एकच प्रश्न विचारा: हे आज संपायला काय लागेल? संवाद साधारण असा होतो:

"मीटर-वाचनाचं कार्ड तीन दिवस टेस्टिंगमध्येच आहे."
"सर्किट बोर्डाचा नवा नमुना मिळाला नाही अजून."
"जुन्यावर किती तपासून होईल?"
"बरंचसं. वीज गेल्यानंतरचं वाचन तेवढं राहील."
"मग तेवढी वेगळी स्टोरी काढू, बाकीचं आज संपवू. नमुन्याचं मी बघते."

कार्ड हललं, ब्लॉकरला (काम अडवणाऱ्या गोष्टीला) मालक मिळाला आणि मॅनेजरला बोलावंही लागलं नाही. प्रोजेक्ट मॅनेजरने डेलीला यायला हरकत नाही, पण ब्लॉकर टिपून घ्यावेत आणि बोलायचं ते शेवटी.

हाती घेतलेल्या कामावर मर्यादा ठेवा. चालू कार्डं भागिले दर आठवड्याला संपणारी कार्डं, म्हणजे एका कार्डाला लागणारा सरासरी वेळ. १२ कार्डं चालू आणि आठवड्याला ३ संपत असतील तर प्रत्येक कार्डाला चार आठवडे. संपण्याचा वेग तोच ठेवून चालू कार्डं ६ वर आणली तर दोन. लोक सुरुवातीला कुरकुरतात, कारण रिकामं बसणं अपराधासारखं वाटतं. "हात मोकळा असेल तर नवं घेण्याआधी अडलेलं सोडव" असा नियम केला की टीम एकमेकांच्या कामात लक्ष घालू लागते. सहभाग वाढवायला याइतका स्वस्त उपाय नाही.

गेटला काय पोचेल, हे खरं सांगा

समजा प्रमाणपत्राच्या गेटला सात स्प्रिंट उरलेत आणि ४२ स्टोऱ्या बाकी आहेत. मागच्या सहा स्प्रिंटमध्ये ५, ७, ६, ४, ८, ६ स्टोऱ्या संपल्या. सरासरी सहा, म्हणजे सात स्प्रिंटमध्ये बरोबर ४२! इथेच फसगत होते. सरासरीवर दिलेला शब्द मोडण्याची शक्यता साधारण पाळण्याइतकीच असते. सर्वांत कमी भरलेले तीन स्प्रिंट घ्या: ४, ५, ६, म्हणजे सरासरी ५. सात स्प्रिंटमध्ये ३५. शब्द द्यायचा तो ३५ चा. उरलेल्या सात "जमल्यास" यादीत जातील आणि त्या सात कोणत्या, हे प्रॉडक्ट ओनरने आजच ठरवायचं. दर स्प्रिंटनंतर हेच गणित ताज्या आकड्यांवर पुन्हा करा आणि गेटच्या चार्टवर नवा आकडा टाका. स्टोऱ्यांचे आकार फार कमी-जास्त असतील तर हे गणित कोसळतं. म्हणून तीन-चार दिवसांपेक्षा मोठी स्टोरी आधी फोडा.

स्टोरी पॉइंट (स्टोरीच्या आकाराचा अंदाजी आकडा) वापरत असाल तर दोन टीमची व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये संपणारे पॉइंट) शेजारी ठेवून तुलना करू नका. तुलना सुरू झाली की पुढच्या स्प्रिंटपासून पॉइंट फुगतात, काम तेवढंच राहतं आणि गेटचा अंदाज निकामी होतो. एस्टिमेट करताना सगळ्यांनी आपापल्या अंदाजाच्या आकड्याचे पत्ते एकदम उघडावेत. ज्येष्ठाने आधी "तीन" म्हटलं की बाकीचे तिथेच चिकटतात. आकडे उघडल्यावर सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा टाकणाऱ्याला आधी बोलू द्या. न दिसलेली अडचण बहुधा तिथूनच बाहेर येते.

रेट्रो

रेट्रो म्हणजे स्प्रिंट संपल्यावर आपण काम कसं केलं याकडे मागे वळून बघायची बैठक. पहिली सात मिनिटं सगळ्यांनी शांतपणे लिहायचं, मग कनिष्ठापासून बोलायला सुरुवात. शेवटी एकच सुधारणा निवडा, तिच्यापुढे नाव लिहा आणि ती पुढच्या स्प्रिंटच्या बोर्डवर कार्ड म्हणून लावा. पाच सुधारणा निवडल्या तर एकही होत नाही. पुढच्या रेट्रोला तेच पाच मुद्दे परत येतात, आणि तिसऱ्या वेळी लोक गप्प बसतात. दर तिसऱ्या रेट्रोला हार्डवेअर आणि व्हेंडरच्या माणसांना बोलवा आणि विषय फक्त सांध्याचा ठेवा: कोणाकडून काय उशिरा मिळालं, कोणता प्रश्न आधी विचारायला हवा होता. त्या बैठकीत वरिष्ठ नकोत. ते असतील तर प्रत्येकजण आपापल्या विभागाची बाजू मांडत बसतो.

टीम खरंच गुंतलेली आहे का, हे सर्व्हेपेक्षा ब्लॉकरच्या वयावरून लवकर कळतं. अडचण पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आल्यापासून ती बोर्डवर येईपर्यंत किती दिवस गेले ते नोंदवा. एक दिवस असेल तर उत्तम. पाच-सहा दिवस लागत असतील तर वाईट बातमी सांगायची भीती आहे, आणि ती बहुतेक तुमच्याच प्रतिक्रियेतून आलेली असते. कोणी अडचण सांगितली की पहिलं वाक्य "बरं झालं आत्ता कळलं" आणि दुसरं "तुला काय लागेल?" असू द्या. "कसं काय झालं?" रेट्रोसाठी ठेवा.

तारीख हलली तर

गेट अलीकडे आलं किंवा स्कोप वाढला तर टीमला त्याच दिवशी सांगा. कॉरिडॉरमधून बातमी पोचली तर निर्णयांच्या पानाला अर्थ उरत नाही. सांगताना कारण द्या आणि मोकळे पर्याय मांडा: स्टोऱ्या कमी करणं, गेटचे दोन टप्पे पाडणं किंवा तारखेवर पुन्हा बोलणं. तपासणी आणि रिव्ह्यूचे नियम, म्हणजे डेफिनिशन ऑफ डन, या यादीत कधीच नको. ते सैल केलं की बग प्रमाणपत्राच्या चाचणीत सापडतात, आणि तिथे फेरचाचणीची तारीख आपल्या हातात नसते.

माणसं वाढवण्याचा मोह होईल. उशीर झालेल्या कामात नवी माणसं घातली तर उशीर वाढतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच मांडलंय: नव्याला शिकवायला जुन्याचा वेळ जातो आणि जोड्याही वाढतात. गेटला तीन स्प्रिंटपेक्षा कमी वेळ असेल तर नव्या माणसाला मुख्य कामात घालू नका. टेस्टिंगचं सामान लावणं, प्रमाणपत्राची कागदपत्रं, जुने बग अशी सुटी कामं द्या आणि त्याच्या प्रश्नांसाठी जुन्यांपैकी एकाच माणसाचा रोजचा एक तास राखून ठेवा.