दार उघडं असेल तर आत जा : ग्रिनेल कॉलेजातलं पहिलं सत्र

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या ग्रिनेल कॉलेजात तुमचा प्रवेश झालाय, व्हिसाची मुलाखत उरकलीय आणि घरात आता बॅगांच्या वजनावरून वाद चाललेत, असं धरून लिहिते. मी मूळची सांगलीची, इथे चौथ्या वर्षाला आहे, इतिहास आणि कॉम्प्युटर सायन्स असे दोन मेजर, म्हणजे पदवीचे मुख्य विषय, घेतलेत. (हो, दोन्ही एकदम घेता येतात. नाही, काकांना अजून पटलेलं नाही.) दर उन्हाळ्यात पुण्या-नाशकाकडून येणारी मुलं तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतेय.

आधी जागेचा अंदाज घ्या. विद्यार्थी सुमारे १,७००, गाव साडेनऊ हजार वस्तीचं, चहूबाजूला मका आणि सोयाबीन. द मॉइनचा विमानतळ गाडीने तासाभरावर. कॅम्पसमधून रेल्वेचा रूळ जातो, पण त्यावर फक्त मालगाड्या धावतात, तेव्हा स्टेशन शोधू नका. आपल्याकडच्या एखाद्या ज्युनियर कॉलेजात याहून जास्त पोरं असतात. इतक्या छोट्या ठिकाणी सोयी भरपूर असतात, पण त्या मागाव्या लागतात. न मागता कुणी काही आणून देत नाही, आणि मागितलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. आपल्याला लहानपणापासून ‘उगाच कुणाला त्रास देऊ नये’ हे शिकवलेलं असतं. ते पहिल्या सत्रापुरतं तरी विमानतळावर सोडून या.

ट्युटोरियल निवडताना

इथे सगळ्यांना सक्तीचा विषय एकच, पहिल्या सत्रातलं ट्युटोरियल. मेजरच्या अटी असतात, पदवीसाठी १२४ क्रेडिट पुरे करावे लागतात, पण त्यापलीकडे गणित घ्याच, इंग्रजी घ्याच असं कुणी सांगत नाही. ट्युटोरियलच्या विषयांची यादी उन्हाळ्यात येते आणि पसंतीक्रम द्यायचा असतो. यादीत काहीही असतं, आणि मुलं नेमकी ‘पुढे उपयोगी पडेल’ असा विषय शोधत बसतात. तसं करू नका. विषय निमित्त आहे. खरं काम आहे वाचणं, लिहिणं, लिहिलेलं फाडून पुन्हा लिहिणं आणि चारचौघांत मुद्दा मांडणं. रात्री अकरा वाजता कंटाळा आला तरी ज्याबद्दल वाचवेल, तो विषय वर टाका.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ट्युटोरियल शिकवणारे प्राध्यापक हेच तुमचे सल्लागार असतात, मेजर जाहीर करेपर्यंत, आणि ते दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत करायचं असतं. म्हणजे विषयाबरोबर माणूसही निवडताय. कॉलेजच्या साइटवर त्यांच्याबद्दल वाचून घ्या.

पहिल्या सत्रात ट्युटोरियल धरून चार विषय होतात. चारही वाचनाचे घेऊ नका, चारही प्रयोगशाळेचे तर नकोच. एक आकडेमोडीचा, एक वाचनाचा, आणि एक असा की ज्याचं नावही सांगलीत ऐकलं नव्हतं, हे गणित बहुतेकांना जमतं. हर्बी हॅनकॉक इथे इंजिनिअरिंग करायला आला होता आणि जॅझचा पियानोवादक होऊन बाहेर पडला, हे घरच्यांना मात्र लगेच सांगू नका.

ऑफिस अवर्स

हा भाग नीट वाचा, बाकीचं चाळलं तरी चालेल.

प्रत्येक प्राध्यापक आठवड्यातले काही तास आपल्या खोलीत विद्यार्थ्यांसाठी बसतात. वेळ आणि खोली सिलॅबसच्या पहिल्या पानावर छापलेली असते. आपल्याकडे सरांच्या खोलीत बोलावणं आलं की पोटात गोळा येतो, कारण बोलावणं बहुधा तक्रारीसाठीच असतं. इथे तसं नाही. हा तास त्यांच्या कामाचा भाग आहे, आणि कुणीच आलं नाही तर ते एकटे बसून राहतात. दार उघडं असेल तर चौकटीवर टकटक करा आणि आत जा. बंद असेल तर आत दुसरं कुणीतरी बसलेलं असेल, बाहेर थांबा.

पहिली भेट दुसऱ्या आठवड्यातच उरका, अडचण नसली तरी. पाच मिनिटं पुरतात: नाव, कुठून आलात, हा विषय का घेतलात. एवढ्याने पुढची भेट सोपी होते. मग खरी अडचण येते तेव्हा वही किंवा लॅपटॉप घेऊनच जा आणि तीन गोष्टी बोला. कुठपर्यंत कळलं, कुठे अडलं आणि स्वतः काय करून पाहिलं. ‘मला काहीच समजलं नाही’ या वाक्याने त्यांना काहीच करता येत नाही. ‘इथपर्यंत सिद्धता पटते, पण या पायरीला ही संख्या कुठून आली?’ असं विचारलंत की ते खडू घेऊन उठतात. निबंधाचं असेल तर पूर्ण झालेला निबंध नेऊ नका. अर्धवट मसुदा न्या, त्यावर बोलण्यासारखं जास्त असतं.

गुण कमी पडले म्हणून ‘दोन मार्क वाढवा ना’ करायला जाऊ नका. पुढच्या वेळी काय वेगळं लिहू, हे विचारायला जरूर जा.

हाक कशी मारायची? आधी ‘प्रोफेसर’ आणि आडनाव. त्यांनी स्वतः पहिल्या नावाने बोलवायला सांगितलं तर तसं. जीभ वळायला वेळ लागतो, कुणी राग मानत नाही. ईमेलमध्ये ‘रिस्पेक्टेड सर’, ‘काइंडली डू द नीडफुल’ वगैरे सोडा. नमस्कार, मी अमुक वर्गातली अमुक, माझा प्रश्न असा, बुधवारी तीन वाजता आले तर चालेल का? चार ओळी. उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी पुन्हा लिहा, त्यात गैर काहीच नाही.

आणि ओळख नुसती गुणांसाठी नसते. इथल्याच रॉबर्ट नॉइसची गोष्ट प्रत्येक बॅचला ऐकवली जाते. हा मुलगा याच गावात वाढला, १९४९ साली याच कॉलेजातून पदवीधर झाला. पुढे त्याने इंटिग्रेटेड सर्किटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या चिपच्या, शोधात वाटा उचलला आणि १९६८ साली इंटेल काढली. विद्यार्थी असताना त्याने एका मेजवानीसाठी शेजारच्या शेतातून डुक्कर पळवलं. आयोवात डुक्कर पळवणं म्हणजे आपल्याकडे रात्रीत उसाचा ट्रॅक्टर पळवण्यासारखं आहे. हाकलूनच द्यायचे, पण त्याचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग्रँट गेल आणि कॉलेजचे अध्यक्ष मध्ये पडले आणि एका सत्राच्या निलंबनावर भागलं. त्याच गेल यांनी बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेतून अगदी सुरुवातीचे ट्रान्झिस्टर (रेडिओ नव्हे, त्यातला इलेक्ट्रॉनिक भाग) मागवून वर्गात आणले होते, आणि नॉइसला नाद लागला तो तिथेच. इंटेल निघाली तेव्हा कॉलेज आणि त्याचे विश्वस्त यांनी मिळून ३ लाख डॉलर गुंतवले. आज इतक्या मुलांना आर्थिक मदत देण्याची ऐपत कॉलेजकडे आहे, त्यात त्या जुन्या गुंतवणुकीचाही हात आहे. डुक्कर पळवू नका. पण तुम्हाला नावाने ओळखणारा आणि वेळ आल्यास तुमच्या बाजूने बोलणारा एक तरी प्राध्यापक पहिल्या वर्षात जोडा. शिफारसपत्रं शेवटी त्यांच्याकडूनच मागायची असतात.

वर्गात बोलणं

गोल बसायचं आणि चर्चा करायची, हे पहिले काही दिवस अंगावर येतं. समोरची मुलं फार हुशार बोलतात असं वाटतं. महिनाभराने कळतं की त्यातली निम्मी नुसतीच बोलतात. तरीही गप्प राहून चालत नाही, कारण गप्प बसणाऱ्याने वाचलेलंच नाही असा समज होतो आणि सहभागाला गुण असतात. वाचताना समासात एक प्रश्न लिहून ठेवा आणि तो पहिल्या दहा मिनिटांत विचारून टाका. उशीर केलात तर तुमचा प्रश्न दुसरं कुणीतरी विचारतं आणि तुम्ही तासभर नवा शोधत बसता.

वाचन खूप असतं, एकेका तासाला साठ-सत्तर पानंसुद्धा. आपण अपेक्षित प्रश्नसंचावर वाढलेली माणसं, प्रत्येक ओळ पाठ करायला बसतो. प्रस्तावना आणि शेवट नीट वाचा, मधलं लेखकाचा मुद्दा धरून वाचा. कुठलंही वाक्य, कल्पना, आकडा दुसऱ्याचा असेल तर संदर्भ द्या. मित्राचा गृहपाठ ‘बघून’ लिहिणं आपल्याकडे मैत्रीत खपतं, इथे ते प्रकरण समितीपुढे जातं. लिहिण्यासाठी आणि गणितासाठी मदतकेंद्रं आहेत, फुकट आहेत, आणि चांगले गुण मिळवणारी मुलंच तिथे जास्त दिसतात.

बी प्लस मिळेल. दहावीला ९६ टक्के मिळवलेल्या माणसाला ते बघवत नाही. इथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो आणि तुमचे गुण दुसऱ्या कुणाला माहीत नसतात. आईला ‘चांगलं चाललंय’ एवढं पुरतं.

खोली, शेजार आणि फोडणी

वसतिगृहात रेक्टर नाहीत. इथला जुना शब्द आहे सेल्फ-गव्हर्नन्स: आपापसातलं आपण मिटवायचं. म्हणजे शेजारच्या खोलीत रात्री दोन वाजता गाणी लागली तर तुम्हीच जाऊन दार वाजवायचं. ‘सकाळी परीक्षा आहे, जरा आवाज कमी करतोस का?’ इतकंच. मनात ठेवून आठवडाभर धुमसलात तर तीच व्यक्ती दुपारी जेवणाच्या रांगेत पुढे उभी असते, दुसऱ्या दिवशी लायब्ररीत, तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पार्टनर म्हणून. एवढ्याशा जागेत अबोला परवडत नाही. रूममेटशी पहिल्याच रविवारी झोपेच्या वेळा, पाहुणे आणि खिडकी उघडी की बंद एवढं बोलून घ्या.

जेवणघरात शाकाहाऱ्यांचं भागतं. राजमा, भात, सॅलड, पास्ता असतो. कंटाळा तिसऱ्या आठवड्यात येतो. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाला आणा, विमानतळावर कस्टम्सला खाण्याचे पदार्थ आहेत असं सांगा, आणि ताजी फळं किंवा बियाणं आणू नका. वसतिगृहातल्या सामायिक स्वयंपाकघरात फोडणी करताना तेल मध्यम आचेवर, खिडकी उघडी आणि पंखा चालू. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजतो आणि सगळी इमारत बाहेर बर्फात उभी राहते. गोडा मसाला, इस्त्री, प्रेशर कुकर यांतलं एकच सामान बसणार असेल तर मसाला घ्या.

थंडीचा कोट भारतात घेऊ नका. आपल्याकडचा जाडजूड कोट उणे वीस अंशांना आणि वर आयोवाच्या वाऱ्याला पुरत नाही. थर्मल आणा, कोट आणि बूट इथे घ्या, वरच्या वर्गातली मुलं जुने देतात का तेही विचारा. खोल्या आतून चांगल्या तापलेल्या असतात, म्हणून एका जाड स्वेटरऐवजी दोन पातळ थर बरे. व्हॅसलिन लागतंच.

काम आणि कागद

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. ही कायद्याची कमाल मर्यादा आहे, पहिल्या सत्रात आठ-दहा तास पुष्कळ झाले. जेवणघर आणि लायब्ररीत आधी विचारा. नोकरीचं पत्र मिळाल्यावरच सोशल सिक्युरिटी नंबरसाठी (पगारासाठी लागणारा सरकारी क्रमांक) अर्ज करता येतो. कॅम्पसबाहेर पगाराचं कुठलंही काम, अगदी कुणाच्या अंगणातलं गवत कापणंसुद्धा, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसला विचारल्याशिवाय घेऊ नका. डिसेंबरमध्ये घरी जाणार असाल तर आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेजने दिलेला फॉर्म) प्रवासाची सही आहे का ते नोव्हेंबरातच पाहा. इथेच राहणार असाल तर वसतिगृह आणि जेवणाचं काय, हे ऑक्टोबरातच विचारून ठेवा.

नोव्हेंबर

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासाने मागे जातात. घरचं आणि इथलं अंतर साडेदहा तासांवरून साडेअकरा तासांवर जातं, तेव्हा फोनची वेळ बदला. दुपारी पावणेपाचला अंधार पडायला लागतो, दिवाळीचे फोटो व्हॉट्सअॅपवर आलेले असतात आणि सगळे निबंध एकदम अंगावर येतात. या महिन्यात बहुतेकांना उदास वाटतं. तेव्हा समुपदेशकाची वेळ घ्या, सर्दीला डॉक्टरकडे जावं इतक्या सहजपणे. दुपारी उजेड आहे तोवर गावात चालत जा. लुई सलिव्हन या नामवंत वास्तुविशारदाने १९१४ साली बांधलेली बँकेची विटांची इमारत चौकातच आहे, दारावरची ती नक्षीदार गोल खिडकी पाहायला लोक लांबून येतात. होस्ट फॅमिलीकडे, म्हणजे परदेशी मुलांना घरी बोलावणाऱ्या गावातल्या कुटुंबाकडे, नाव नोंदवलं असेल तर थँक्सगिव्हिंगचं (नोव्हेंबरअखेरचा इथला सण) जेवण बहुधा तिथेच होतं. जाताना चकलीचा डबा न्या, आणि त्यांना सांगून ठेवा की ती तिखट आहे.

याच सुमारास पुढच्या सत्राची नोंदणी असते. त्याआधी सल्लागारांना भेटायचं असतं. जाताना विषयांच्या दोन याद्या न्या, एक हवी ती आणि एक पहिली भरली तर चालेल ती. वेळ सुट्टीच्या आदल्या आठवड्यात मागू नका, तेव्हा सगळेच मागतात.