विनोदी जोडीवरून ऐतिहासिक पात्रे घडवताना
लॉरेल-हार्डींसारख्या जोडीवरून ऐतिहासिक कथेतील पात्रे बेतताना अंगकाठी व लकबी उचलू नयेत. एकाचा नसता रुबाब आणि दुसऱ्याचा भाबडेपणा यांतली ओढाताण घ्यावी आणि तिचे कारण त्या काळातच शोधावे. उदाहरणार्थ, २६ जुलै १९०२ च्या आदेशाने राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानच्या नोकरीतील रिक्त होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्यानंतर रुजू झालेला तरुण आणि मोडीचे वळण मिरवणारा जुना कारकून एकाच बैठकीवर बसवावेत. बोरू कोणी तासायचा, एवढ्यावरूनही प्रसंग रंगतो. मात्र हसे नवख्याच्या अजाणतेपणाचे नव्हे, जुन्याच्या मिजाशीचे व्हावे, हे पथ्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वगातला सोंगाड्या राजाला टोकतो, तशी संधी त्या तरुणाला अवश्य द्यावी.