जुनी गोल पटाशी: आधी पोट बघा, मग शिक्का

कोरीवकामाचं जुनं हत्यार हातात आलं की मी आधी त्याचं पोट बघते. गोल पटाशीला पाठ असते आणि पोट असतं. पन्हाळीसारखा खोलगट भाग म्हणजे पोट. धारेचा उतार बहुतेक वेळा पाठीकडून घासलेला असतो, त्यामुळे पाठीवरचे गंजाचे खड्डे फारसे नडत नाहीत. पोटात, टोकाजवळ खड्डे असतील तर मात्र प्रत्येक खड्डा धारेत खाच होऊन उतरतो. नुसता डाग आहे की खड्डा, हे नख फिरवलं की कळतं. वरवरचा तांबूस गंज रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरने निघून जातो. त्यासाठी चांगली पटाशी टाकू नका.

आता पात्यावर ठोकलेला कारखान्याचा शिक्का. ‘कास्ट स्टील’ वाचून अनेकजण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, समजतात. ते मुशीत वितळवून ओतलेलं पोलाद असतं. इंग्लंडमधल्या शेफिल्डला बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात ही पद्धत बसवली. ‘ॲडिस’ या जुन्या इंग्लिश हत्यारकारांच्या काही शिक्क्यांत प्रदर्शनांतल्या पदकांची वर्षं दिसतात, १८५१ वगैरे. पटाशी त्यातल्या शेवटच्या वर्षाआधीची नाही, एवढं त्यावरून नक्की ठरतं.

पात्यावरच्या आकड्यांचा हिशोब सोपा आहे. शेफिल्डच्या पद्धतीत १ म्हणजे सरळ, २ तिरपी, ३ पासून ९ पर्यंत गोलाई वाढत जाते आणि ९ जवळजवळ अर्धवर्तुळ होते. व्ही आकाराच्या ६० अंशांच्या पटाशीला ३९. स्विस पटाशांवर २ म्हणजे तिरपी नाही, हलकी गोलाई, त्यामुळे दोन्ही एकत्र ठेवल्या तर गोंधळ होतो. मी आकड्यावर विसंबत नाही. पटाशीचं टोक कागदावर दाबून उमटलेली कमान बघते.

धार लावताना घाई करू नका. माझी एक सुंदर पटाशी ग्राइंडरवर निळी पडली. साधारण ३०० अंश सेल्सिअसला तो रंग येतो, पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि मग धार टिकत नाही. निळा भाग पूर्ण घासून टाकेपर्यंत पटाशी बरीच आखूड झाली. तेव्हापासून मी तेलाचा दगडच वापरते. उतार साधारण २० ते २५ अंश. पटाशी दगडावर आडवी सरकवत मनगट फिरवायचं, म्हणजे एक कोपरा जास्त झिजत नाही. पोटात बारीक खरखर लागली की गोल कडेच्या छोट्या दगडाने ती काढायची, शेवटी चामड्यावर पॉलिश.

मऊ लाकडात रेषांना आडवा एक काप घ्या. काप चकचकीत आला तर झालं. त्यात पांढरी रेघ दिसली तर धारेत अजून खाच आहे, परत दगडाकडे.

काम करताना लाकूड शिकंज्यात, दोन्ही हात धारेच्या मागे: एक मुठीवर, दुसरा पात्यावर रोखायला. रेषा उचकटायला लागल्या की उलट्या बाजूने या. आणि पटाशीने ढलपी उचकटू नका. जुनं पातं कडक असतं, टोक तुटतं.

मूठ हलत नसेल तर बदलू नका. जुन्या मालकांची नावं ठोकलेली असतात, ती घासू नका. जवसाचं तेल पुसून लावा, पण त्या तेलाचा बोळा गुंडाळून ठेवू नका, तो आपोआप पेटू शकतो. उघड्यावर पसरून वाळवा.