कर्नलमधली इनलाइन असेंब्ली: कंपायलर ती वाचत नाही, हे धरून लिहा

सी कोडच्या मध्येच असेंब्ली लिहायची जागा म्हणजे एएसएम ब्लॉक. त्यातल्या सूचनांचा अर्थ जीसीसी हा कंपायलर लावत नाही. त्याच्या लेखी तो नुसता मजकूर असतो: ऑपरंडच्या (सूचना ज्या मूल्यांवर काम करते त्यांच्या) जागी रजिस्टरांची नावं भरायची आणि असेंब्लरकडे ढकलायचा. ब्लॉक किती मोठा होईल याचा अंदाजसुद्धा तो ओळी आणि अर्धविराम मोजून बांधतो. ऑप्टिमायझर विश्वास ठेवतो तो मजकुरानंतरच्या तीन याद्यांवर: आउटपुट, इनपुट आणि क्लॉबर (ब्लॉक याशिवाय काय बदलतो ते). कर्नल -ओ० वर (ऑप्टिमायझेशन बंद) चालतो आणि -ओ२ वर (चालू) कोसळतो, तेव्हा आधी या याद्या तपासा. ‘कंपायलरमध्येच बग आहे’ हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी.

खालची उदाहरणं ६४ बिट एक्स८६ ची आहेत. कन्स्ट्रेंटची, म्हणजे ऑपरंड कुठे ठेवायचा ते सांगणारी, अक्षरं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कॅपिटल असेल तिथे तसं म्हटलंय.

एडिटरआधी प्रोसेसरचं मॅन्युअल उघडा आणि सूचना काय वाचते, काय बदलते, मेमरीला हात लावते का, ते लिहून काढा. प्रोसेसरची माहिती देणारी सीपीयूआयडी घ्या. तुम्हाला ईबीएक्समधलं एकच मूल्य हवं असलं तरी ती ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स, ईडीएक्स ही चारही रजिस्टरं बदलते. एकाचाही उल्लेख राहिला, तर कंपायलरने तिथे जपून ठेवलेलं लूपचं मोजमाप गुपचूप पुसलं जातं. ईसीएक्समध्ये सबलीफचा (माहितीच्या उपविभागाचा) क्रमांक जातो. तो न भरता सोडू नका, गरज नसेल तर शून्य द्या. प्रोसेसरची खास नियंत्रण रजिस्टरं वाचणाऱ्या आरडीएमएसआरचं उत्तर ईडीएक्स आणि ईएएक्स अशा दोन तुकड्यांत येतं. ३२ बिटमधला कॅपिटल ए कन्स्ट्रेंट ६४ बिटमध्ये ही जोडी देत नाही. ‘=ए’ आणि ‘=डी’ वेगळे घ्या, वरचा तुकडा आधी ६४ बिटांचा करा, मग ३२ बिट डावीकडे सरकवून जोडा.

सूचना आपलंच इनपुट बदलत असेल तर? बाइटांची कॉपी करणारी रेप मूव्हएसबी आरडीआय, आरएसआयमधले पत्ते पुढे नेते आणि आरसीएक्समधली मोजणी शून्यावर आणते. ही तिन्ही नुसती इनपुट म्हणून दिली, तर कंपायलर समजतो की आरडीआयमध्ये अजून बफरची सुरुवात आहे, आणि पुढचं लिखाण बफरच्या शेवटापलीकडे जातं. इनपुटचं रजिस्टर क्लॉबरमध्ये टाकायला कंपायलर परवानगी देत नाही. उपाय म्हणजे आउटपुटच्या यादीत ‘+’ (वाचतो आणि लिहितोही) लावून कॅपिटल डी, कॅपिटल एस आणि सी, शिवाय ‘मेमरी’ क्लॉबर.

अर्ली क्लॉबरची, म्हणजे इनपुट वाचून होण्याआधीच आउटपुट लिहिलं जाण्याची, चूक सगळ्यात उशिरा पकडली जाते. आउटपुट लिहिण्याआधी सगळी इनपुट वाचून झालेली असतील असं कंपायलर धरून चालतो, म्हणून इनपुट आणि आउटपुटला तो एकच रजिस्टर देऊ शकतो. ब्लॉकमध्ये एकच सूचना असेल तर सहसा बिघडत नाही. पण पहिल्या सूचनेने आउटपुट लिहिलं आणि दुसरीने इनपुट वाचलं, की हातात कचरा येतो. तिथे ‘=आर’ नव्हे, ‘=&आर’ हवं. ही चूक महिनोन्‌महिने झोपून राहते. शेजारच्या फंक्शनमध्ये एक व्हेरिएबल वाढलं, रजिस्टरांची वाटणी बदलली, की जागी होते.

इंटरप्टच्या तक्त्याचा पत्ता प्रोसेसरला देणाऱ्या एलआयडीटीपाशी दोन खड्डे आहेत. तिला लागणारी रचना १० बाइटची: २ बाइट लिमिट, ८ बाइट बेस. स्ट्रक्टला ‘पॅक्ड’ लावलं नाही तर मध्ये ६ बाइट पॅडिंग येतं, प्रोसेसर भलताच बेस वाचतो आणि पहिल्याच इंटरप्टला ट्रिपल फॉल्ट होऊन मशीन रीसेट होतं. लिमिट आकारातून एक वजा करून द्यायचं: १६ बाइटच्या २५६ नोंदी म्हणजे ४०९६, लिमिट ४०९५. दुसरा खड्डा जास्त फसवा. स्ट्रक्टचा पत्ता ‘आर’ने रजिस्टरमधून दिला, तर कंपायलरला दिसतो फक्त पत्ता. त्या पत्त्यावरची मेमरी कोणी वाचणार आहे हे त्याला कळत नाही, मग लिमिट आणि बेस भरणाऱ्या ओळी निरुपयोगी समजून तो काढून टाकू शकतो. पत्ता न देता स्ट्रक्टच ‘एम’ (मेमरी) ऑपरंड म्हणून द्या.

ब्लॉकला लावायच्या ‘व्होलाटाइल’ या शब्दाकडून लोक नको तेवढी अपेक्षा ठेवतात. त्याने ब्लॉक वगळला जात नाही आणि दोन सारखे ब्लॉक एकत्र केले जात नाहीत. टाइमस्टॅम्प वाचणाऱ्या आरडीटीएससीला ते लागतंच. पण आजूबाजूची साधी मेमरीची कामं ब्लॉकच्या अलीकडे-पलीकडे सरकू शकतात. ती अडवायला ‘मेमरी’ क्लॉबर. इंटरप्ट बंद-चालू करणाऱ्या सीएलआय, एसटीआयला तो हवाच, नाहीतर संरक्षित भागातलं लिखाण बाहेर निसटतं. आणि हा क्लॉबर फक्त कंपायलरला थांबवतो, प्रोसेसरला नाही. तिथे मेमरीचा क्रम पाळायला लावणारी एमफेन्स किंवा लॉक लावलेली सूचना लागते.

एसटीआय आणि इंटरप्ट येईपर्यंत प्रोसेसर थांबवणारी एचएलटी एकाच ब्लॉकमध्ये लिहा. एसटीआयनंतर आणखी एक सूचना होईपर्यंत इंटरप्ट रोखलेला राहतो, म्हणून ही जोडी सुरक्षित आहे. दोन ब्लॉक केले तर मध्ये कंपायलरची एखादी सूचना घुसू शकते. नेमका तिथे इंटरप्ट येऊन गेला, तर एचएलटी पुढच्या इंटरप्टची वाट बघत बसते.

लेबलांना नावं देऊ नका. फंक्शन दोन ठिकाणी इनलाइन झालं की असेंब्लर ‘लेबल दोनदा आलं’ म्हणून अडतो. आकडी लेबलं वापरा, मागे जायला ‘१बी’, पुढे जायला ‘१एफ’.

काही दोष मात्र कंपाइलच्या पर्यायांत असतात. सिस्टम व्ही एबीआयनुसार (फंक्शन कॉलच्या ठरलेल्या नियमांनुसार) दुसरं फंक्शन न बोलावणारं फंक्शन स्टॅक पॉइंटर न हलवता त्याखालचे १२८ बाइट (रेड झोन) वापरू शकतं. कर्नलमध्ये इंटरप्ट त्याच स्टॅकवर आला, की प्रोसेसर आपली फ्रेम नेमकी तिथे लिहितो. म्हणून ‘-एमनो-रेड-झोन’ हवंच. एसएसई आणि एमएमएक्स हे सूचनासंचही बंद करा, नाहीतर साधी स्ट्रक्ट कॉपीसुद्धा युजर प्रोग्रामची रजिस्टरं बिघडवेल. फ्रीस्टँडिंगमध्येही (मागे सी लायब्ररी नसताना) जीसीसीला मेमसेट, मेमसीपीवाय, मेममूव्ह, मेमसीएमपी ही मेमरीची फंक्शनं लागतात. तुम्ही मेमसेटमध्ये साधा लूप लिहिला, तर ऑप्टिमायझर तो ओळखून त्याजागी मेमसेटलाच कॉल टाकू शकतो. फंक्शन स्वतःला बोलावत स्टॅक संपवतं. त्या फाइलला ‘-एफनो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स’ द्या, किंवा आत बाइट भरत जाणारी रेप एसटीओएसबी वापरा.

प्रत्येक ब्लॉक लिहून झाला की -ओ२ ने बांधून ऑब्जडंपने डिसअसेंब्ली काढा. ब्लॉकइतक्याच बारकाईने त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या आठ-दहा सूचना वाचा: स्ट्रक्ट भरणाऱ्या ओळी आहेत का, इनपुट आणि आउटपुट एकाच रजिस्टरवर आलेत का, ब्लॉकनंतर जुनं मूल्य कुठे वापरलंय का. कंपायलरची आवृत्ती बदलली की हेच पुन्हा.